वादळानंतरचा प्रश्न : फिजीतील भारतवंशीय आणि भारताचे साहाय्य



२० फेब्रुवारी २०१६ च्या रात्री विन्स्टन नावाचे चक्रीवादळ फिजीच्या व्हिती लेवू या मुख्य बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, राकीराकी या गावाच्या परिसरात आदळले. वाऱ्याचा सलग वेग ताशी २३३ किलोमीटर, आणि मधूनच येणारे झोत ३०६ किलोमीटरपर्यंतचे. दक्षिण गोलार्धात नोंदल्या गेलेल्या अतितीव्र वादळांपैकी हे एक. ४४ माणसे मृत्युमुखी पडली. ३० हजारांहून अधिक घरे, ४९५ शाळा आणि ८८ आरोग्य केंद्रे उद्ध्वस्त झाली किंवा मोडकळीस आली. आपत्तीची झळ पोहोचलेल्यांची संख्या ५ लाख ४० हजार, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या ६२ टक्के. अवघ्या नऊ लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या राष्ट्राचे यामुळे काय झाले असेल, याची कल्पना करण्यासाठी आपल्याकडील एखादा जिल्हा डोळ्यांपुढे आणावा आणि त्यातील दर पाच घरांपैकी तीन घरांना त्या रात्रीचा फटका बसला असे समजावे.

राकीराकी, तावुआ, बा, लाउटोका हा व्हिती लेवूचा उत्तर-पश्चिम पट्टा म्हणजे फिजीचा उसाचा प्रदेश. महाराष्ट्रातील माणसाला हा प्रदेश परका वाटू नये. दहा-दहा एकरांचे तुकडे, लागण आणि खोडवे, तोडणीसाठी टोळ्या, गाळपाच्या दिवसांत कारखान्यापुढे लागलेल्या वाहनांच्या रांगा, सारे काही ओळखीचे. फरक हंगामाचा. तेथे गाळप साधारण जूनमध्ये सुरू होते आणि वर्षाच्या अखेरीस संपते. म्हणजे फेब्रुवारीत ऊस फडात उभा असतो. तो भरात येत असतो, आणि चक्रीवादळांचा काळ नेमका हाच, नोव्हेंबर ते एप्रिल. विन्स्टनने एका रात्रीत घराचे छप्पर नेले आणि चार महिन्यांनी हाती येणारे पीकही आडवे केले. ज्यांचे नेले, त्यांतील फार मोठा भाग भोजपुरी-अवधी वळणाची हिंदी बोलणाऱ्या, मंगळवारी रामायण मंडळीत बसणाऱ्या, चार-पाच पिढ्यांपूर्वी भारतातून गेलेल्या कुटुंबांचा होता.

अशा प्रसंगी भारत सरकारने काय करावे? प्रश्न सोपा वाटतो; तो सोपा नाही. कारण ‘परदेशातील आपली माणसे’ या एका शब्दप्रयोगात दोन अगदी भिन्न स्थितींतील माणसे आपण एकत्र कोंबतो.

पहिला वर्ग भारतीय पारपत्र बाळगणाऱ्यांचा. तो नोकरीसाठी, व्यापारासाठी, शिक्षणासाठी गेला आहे; त्याच्यावर संकट आले तर त्याला सोडवून आणणे हे भारताचे सरळ कर्तव्य आहे. या कामाची व्यवस्था आता बऱ्यापैकी बसली आहे. २००९ मध्ये भारतीय समुदाय कल्याण निधी स्थापन झाला. पारपत्र, व्हिसा आदी सेवांच्या शुल्काबरोबर घेतल्या जाणाऱ्या छोट्या रकमेतून हा निधी उभा राहतो आणि अडचणीतील नागरिकाला निवारा, औषधोपचार, परतीचे तिकीट देण्याचे अधिकार दूतावासांना मिळतात. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा वादळाने कॅरिबियन समुद्रातील सिंट मार्टेन बेट उद्ध्वस्त केले, तेव्हा तेथे दुकाने थाटलेल्या सिंधी व्यापाऱ्यांसह सुमारे ११० भारतीयांना भारताने विमानाने क्युरासाओला हलविले आणि त्याच विमानातून ६० अन्य देशीयांनाही बाहेर काढले. जगाच्या नकाशावर शोधून काढावे लागेल अशा ठिकाणी हे घडले, ही लहान गोष्ट नव्हे.

दुसरा वर्ग फिजीतील त्या ऊसकऱ्याचा. त्याच्याजवळ भारताचे पारपत्र नाही. त्याच्या आजोबांजवळही नव्हते. त्याला ‘सोडवून’ कोठे आणणार? राकीराकी हेच त्याचे गाव आहे. पूर्वज बस्ती जिल्ह्यातून किंवा आझमगडातून गेले एवढीच काय ती आठवण, आणि तीही पुष्कळदा स्थलांतराच्या जुन्या नोंदपत्रावर शोधावी लागते. कल्याण निधीच्या नियमांत तो बसत नाही. विमान पाठवून त्याला उचलून आणण्यात अर्थ नाही. तरीही त्याच्यावर वादळ कोसळले की दिल्लीत, मुंबईत, नागपुरात कोणाच्या तरी मनात कालवाकालव होते. ही कालवाकालव खरी आहे. तिला शहाणपणाचे रूप कसे द्यायचे, हा आजच्या विषयाचा गाभा.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १४ मे १८७९ रोजी ‘लिओनिडास’ हे जहाज लेवुका बंदरात पोहोचले. त्यानंतर १९१६ पर्यंत ८७ फेऱ्यांमधून ६० हजारांहून अधिक माणसे पाच वर्षांच्या करारावर तेथे नेली गेली. ‘ॲग्रीमेंट’चे ‘गिरमिट’ झाले आणि माणसाचे ‘गिरमिटिया’. ती पाच वर्षे त्यांच्या बोलण्यात ‘नरक’ या एकाच शब्दाने ओळखली जात. या पद्धतीविरुद्ध केंद्रीय विधिमंडळात १९१२ मध्ये पहिला ठोस ठराव मांडला तो नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी. सरकारी मतांच्या बळावर तो फेटाळला गेला. पुढे पंडित मदनमोहन मालवीय यांनी १९१६ मध्ये हा प्रश्न पुन्हा लावून धरला, अँड्र्यूज यांनी फिजीत जाऊन पाहणी केली, आणि १ जानेवारी १९२० पासून उरलेले करारही रद्द झाले.

या इतिहासात एक प्रसंग असा आहे, जो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. ११ मे १८८४ रोजी ‘सिरिया’ हे गिरमिटियांनी भरलेले जहाज सुव्याजवळच्या नासिलाई खडकावर फुटले. ५९ जीव गेले. ज्यांचे वाचले, त्यांना लाटांतून ओढून काढणाऱ्यांत नासिलाई आणि आसपासच्या गावांतील मूळ फिजीवासी होते. भारतीयांना फिजीत मिळालेले पहिले मोठे आपत्कालीन साहाय्य हे असे त्या भूमीच्या पुत्रांकडून मिळाले. त्या वेळी भारताचे सरकार ब्रिटिशांचे होते; मजूर पाठविण्यापुरता त्याला रस होता. १९३१ च्या वादळात आणि महापुरात दोनशेहून अधिक माणसे बुडाली, बा नदीकाठच्या ऊसकऱ्यांच्या वस्त्या वाहून गेल्या, तेव्हाही मातृभूमीकडून साहाय्य येण्याची व्यवस्था नव्हती.

स्वातंत्र्यानंतर व्यवस्था निर्माण व्हायला हवी होती. ती झालीही, पण एका टप्प्यावर तुटली. १९६६ च्या जनगणनेत फिजीतील निम्म्याहून अधिक लोक भारतवंशीय होते. १९८७ च्या मे महिन्यात, भारतवंशीयांचे प्राबल्य असलेले सरकार निवडून आल्यानंतर अवघ्या महिनाभरात, लेफ्टनंट कर्नल राबुका यांनी लष्करी उठाव केला. भारताने कडक भूमिका घेतली. व्यापार थांबविला, राष्ट्रकुलात आवाज उठविला. ही भूमिका न्यायाची होती यात शंका नाही. पण तिची किंमत कोणी मोजली? १९८९ मध्ये भारतीय राजदूताला देश सोडायला सांगण्यात आले आणि मे १९९० मध्ये सुव्यातील भारताचा दूतावास बंद झाला. तो पुन्हा उघडायला १९९९ साल उजाडले.

मधल्या नऊ वर्षांत काय घडले? जानेवारी १९९३ मध्ये किना वादळ आले. २३ माणसे गेली. सिगाटोका आणि बा या नद्यांवरील पूल वाहून गेले. बाचा पूल म्हणजे ऊसपट्ट्याची शीर. त्या दिवशी त्या ऊसपट्ट्यातील माणसाची विचारपूस करायला सुव्यात भारताचा एकही अधिकारी नव्हता. राजनैतिक संबंध ताठ मानेने तोडणे कधी कधी अपरिहार्य असते. परंतु ते तोडताना मागे राहिलेल्यांचा पाऊस-वारा कोण सांभाळणार, हा हिशेबही करावा लागतो. १९८७ नंतर लाखाहून अधिक भारतवंशीयांनी फिजी सोडले. डॉक्टर, शिक्षक, वकील, लेखनिक ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड-कॅनडाला गेले. मागे उरले ते बहुधा ज्यांना जाता येत नव्हते ते, आणि त्यांत ऊसकरी प्रमुख. २००७ च्या जनगणनेत भारतवंशीयांचे प्रमाण साडेसदतीस टक्क्यांवर आले होते.

दिल्लीचे लक्ष पुन्हा या विखुरलेल्या कुटुंबाकडे वळले ते नव्या शतकाच्या आरंभी. डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जगभरच्या भारतीयांचा अभ्यास केला, तिचा अहवाल २००२ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला आणि ९ जानेवारी २००३ पासून प्रवासी भारतीय दिवस साजरा होऊ लागला. संमेलने झाली, सन्मान झाले. त्यांचे महत्त्व आहेच. आपत्तीच्या वेळी धावून जाण्याची क्षमता मात्र वेगळ्या मार्गाने आली. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तामिळनाडू आणि अंदमानचा किनारा स्वतः उद्ध्वस्त झालेला असताना भारतीय नौदलाच्या नौका श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशियाकडे निघाल्या. शेजाऱ्याच्या संकटात पहिल्या दिवशी पोहोचणारा देश अशी ओळख तेव्हापासून घडत गेली. परंतु प्रशांत महासागर शेजारी नाही. दिल्लीपासून सुवा सुमारे १२ हजार किलोमीटर. नोव्हेंबर २०१४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी सुव्याला गेले, ती ३३ वर्षांनंतरची भारतीय पंतप्रधानांची पहिली फिजी भेट होती. त्याआधी १९८१ मध्ये श्रीमती इंदिरा गांधी गेल्या होत्या. तीन दशके ज्या दाराशी कोणी गेले नाही, ते दार उघडल्यावर दीड वर्षाच्या आत विन्स्टन आले. या वेळी सुव्यात भारताचे उच्चायुक्तालय होते, दोन्ही पंतप्रधानांचा परिचय ताजा होता आणि भारताजवळ लांब पल्ल्याचे सी-१७ विमान होते. भारताने तातडीने १० लाख अमेरिकी डॉलरचे साहाय्य घोषित केले आणि ४० टनांहून अधिक मदत सामग्री घेऊन वायुसेनेचे विमान फिजीला पोहोचले.

हे साहाय्य फिजीच्या शासनाकडे सुपूर्द झाले. ते भारतवंशीयांना वेगळे काढून वाटले गेले नाही. यावर आपल्यापैकी काहींच्या मनात प्रश्न उभा राहतो, तो दडवून ठेवण्याचे कारण नाही : आपल्या रक्ताच्या माणसांसाठी पाठविलेले साहाय्य सर्वांत का वाटायचे?

याचे पहिले उत्तर कोरो बेट देते. विन्स्टनचा सर्वांत भीषण तडाखा ज्या ठिकाणांना बसला त्यांत हे छोटे बेट होते, आणि तेथील वस्ती मूळ फिजीवासीयांची, म्हणजे आयतौकेईंची आहे. किनाऱ्यालगतची गावेच्या गावे तेथे भुईसपाट झाली. नासिलाईच्या कोळ्यांनी १८८४ मध्ये लाटेत उडी घेताना बुडणाऱ्याची जात-वंश विचारली नव्हती. भारताच्या विमानातील सामग्री कोरोला नाकारून राकीराकीला द्यावी, असे म्हणायला कोणाची जीभ वळेल?

दुसरे उत्तर अधिक व्यवहाराचे आहे आणि राकीराकीच्या ऊसकऱ्याच्या हिताचे आहे. फिजीत ‘फिजियन’ हा शब्द अनेक वर्षे मूळ रहिवाशांपुरता राखीव होता. पाच पिढ्या तेथे राबलेला माणूस ‘इंडियन’च राहिला, जणू काल उतरलेला पाहुणा. २०१३ च्या संविधानाने सर्व नागरिकांना ‘फिजियन’ हे एकच नाव दिले. ज्या देशात १९८७ आणि २००० मध्ये वंशाच्या नावाने सरकारे उलथविली गेली, २००० मध्ये भारतवंशीय पंतप्रधान महेंद्र चौधरी यांना संसदेतच ५६ दिवस ओलीस धरले गेले, तेथे या एका शब्दाचे मोल किती असेल! परक्या देशाच्या विमानाने येऊन लोकांची वंशावर विभागणी करून तांदूळ वाटला असता, तर उठावकर्त्यांच्या हाती आयते कोलीत मिळाले असते. ‘तुमची निष्ठा कोठे आहे ते पाहा’, हे वाक्य त्या माणसाला पुढची वीस वर्षे ऐकावे लागले असते. म्हणून साहाय्य यजमान देशाच्या हातून, सर्वांसाठी, ही भारताची रीत योग्य होती. तिच्यात आत्मीयतेची कमतरता नव्हती.

परंतु येथेच थांबले तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. शासन ते शासन दिलेले साहाय्य न्याय्य असले तरी ते सर्वांपर्यंत सारखे झिरपतेच असे नाही. ते कोठे अडते? जमिनीपाशी.

फिजीतील चार-पंचमांशाहून अधिक जमीन आयतौकेई कुळसमूहांच्या सामायिक मालकीची आहे आणि ती विकता येत नाही. भारतवंशीय शेतकरी हा तेथे बहुतांशी कूळ आहे. आपल्याकडे कूळकायद्याने कसणाऱ्याला मालक केले. फिजीच्या १९७६ च्या शेतजमीन मालक-कूळ कायद्याने ३० वर्षांचे पट्टे दिले. १९९७ पासून हे पट्टे संपू लागले. पुष्कळांचे नूतनीकरण झाले नाही. बापाने बांधलेले घर, लावलेली आंब्या-फणसाची झाडे, मागच्या अंगणातील लाल झेंड्यांची कुटी, सारे सोडून हजारो कुटुंबे सुवा, लाउटोका, नांदीच्या कडेला पत्र्याच्या झोपड्यांत आली. आयतौकेईंना आपल्या वडिलार्जित भूमीची माया आहे. ती असण्यात गैर काही नाही. भारतीय माणसाला तरी ती वेगळी समजावून सांगण्याची गरज नसावी. पण पट्ट्याची पाच-सात वर्षे उरलेली असताना कोणता शेतकरी पक्क्या भिंतींचे, काँक्रीटच्या छपराचे घर बांधील? तो लाकूड आणि पत्र्यावरच भागवतो. आणि चक्रीवादळ आले की पत्रे उडतात. वादळ निसर्गाचे असते. छप्पर किती टिकेल हे पुष्कळ अंशी जमिनीच्या कागदावर ठरते.

विन्स्टननंतर फिजी शासनाने घरबांधणीसाठी चांगली योजना आणली. वर्षाला ५० हजार फिजी डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांना हानीच्या प्रमाणात १५००, ३००० किंवा ७००० डॉलरचे कार्ड मिळाले. ते दाखवून दुकानातून लाकूड, पत्रे, खिळे घ्यायचे. रोख रक्कम न देता साहित्य देण्याची ही पद्धत विचारपूर्वक आखलेली होती. दुकानांतील माल मात्र पुरेना; महिनोन् महिने लोक कार्ड हाती धरून थांबले. शिवाय ७००० डॉलरमध्ये जे उभे राहील ते पुन्हा पत्र्याचेच. मॉरिशसमध्ये १९६० च्या कॅरोल वादळानंतर काँक्रीटच्या घरांकडे वळण्याची मोठी चळवळच झाली. कोकणातून आणि देशावरून गेलेली मराठी कुटुंबेही त्या बेटावर आहेत. आज तेथील गावांतून फिरताना सपाट स्लॅबची घरेच्या घरे दिसतात ती या वळणाची साक्ष. पण मॉरिशसच्या भारतवंशीयाच्या हाती हळूहळू स्वतःच्या मालकीचा तुकडा आला होता. फिजीच्या कुळाच्या हाती तो नाही.

हाच धागा श्रीलंकेत अधिक ठळकपणे दिसतो. तेथील मध्यवर्ती डोंगरातील चहामळ्यांवर ब्रिटिशांनी नेलेले तामिळ मजूर राहतात, हेही एका अर्थी गिरमिटियांचे भाऊबंदच. १९४८ मध्ये त्यांचे नागरिकत्व काढून घेतले गेले, १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो कराराने त्यांची दोन देशांत वाटणी झाली, आणि राहिलेल्यांना पूर्ण नागरिकत्व मिळायला पुढची कित्येक दशके लागली. आजही पुष्कळ कुटुंबे मळ्याच्या मालकीच्या, एका ओळीत बांधलेल्या जुनाट खोल्यांत राहतात. ऑक्टोबर २०१४ मध्ये बदुल्ला जिल्ह्यातील मीरियाबेद्दा येथे दरड कोसळून अशाच खोल्या गाडल्या गेल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये दित्वा चक्रीवादळाने श्रीलंकेत सहाशेहून अधिक बळी घेतले, तेव्हा दरडी कोसळल्या त्या बदुल्ला, नुवारा एलिया, कँडी या डोंगरी जिल्ह्यांतच अधिक. भारताने ‘सागर बंधू’ मोहीम काढली. नौदलाच्या नौका, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके, बेली पूल पोहोचले आणि डिसेंबरमध्ये ४५ कोटी डॉलरचे पुनर्बांधणी साहाय्य जाहीर झाले. त्यातील ३५ कोटी सवलतीचे कर्ज आणि १० कोटी अनुदान.

मात्र मळ्यांच्या बाबतीत भारताने या वादळाच्या बऱ्याच आधी एक वेगळे पाऊल उचलले होते, आणि त्याकडे विशेष लक्ष वेधले पाहिजे. भारतीय गृहनिर्माण प्रकल्पात मळा विभागासाठी ४००० घरे आणि २०१७ मध्ये आणखी १० हजार घरे मंजूर झाली. घराबरोबर त्याखालच्या जमिनीचा हक्क मिळावा हा त्यातील कळीचा भाग. पैसा भारताचा, जमीन श्रीलंका शासनाची, घर त्या कुटुंबाचे. श्रीलंकेच्या सार्वभौमत्वाला धक्का नाही, अन्य समाजांना डिवचणे नाही, आणि ज्याच्या डोक्यावर दरड लटकत होती त्याला पायाखाली स्वतःची भूमी. कामाची गती मंद आहे, ही तक्रार खरी. पण वादळाच्या आधी केलेले हे साहाय्य वादळानंतरच्या कितीतरी विमानांपेक्षा मोलाचे ठरू शकते.

फिजीत असे काही करता येईल काय? जमिनीला हात लावणे भारताच्या अधिकारातले नाही, आणि लावूही नये. ऊस आणि कारखाना मात्र आपल्या आवाक्यातला विषय आहे. राकीराकीचा पेनांग साखर कारखाना विन्स्टनमध्ये मोडला आणि पुन्हा सुरू झाला नाही. भारताच्या एक्झिम बँकेने फिजीच्या कारखान्यांच्या आधुनिकीकरणासाठी यापूर्वी ५ कोटी डॉलरच्या घरात कर्ज दिले होते. २०१४ मध्ये ऊस उद्योगातून वीजनिर्मितीसाठीही कर्ज देऊ केले. पहिल्या कर्जातून झालेल्या कामाविषयी फिजीत नाराजी राहिली, हे मान्य केले पाहिजे. यंत्रे बसवून माघारी येणे म्हणजे कारखाना उभा करणे नव्हे, हे सांगलीच्या, कोल्हापूरच्या किंवा अहिल्यानगरच्या कोणत्याही जुन्या संचालकाला ठाऊक आहे. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. पडलेला ऊस वाचविण्याचे, लवकर येणाऱ्या वाणांचे, खोडव्याच्या व्यवस्थापनाचे ज्ञान महाराष्ट्राजवळ आहे. आपत्कालीन साहाय्याच्या यादीत तंबू, ब्लँकेट, औषधे असतात. तीत एक कृषितज्ज्ञ आणि एक चांगला मिस्त्री का असू नये? २०२० च्या डिसेंबरात यासा वादळ वानुआ लेवू बेटावर आदळले, तेव्हा भारताने सुमारे ६ टन सामग्री पाठविली आणि त्यानंतर २०२१ मध्ये भाजीपाल्याचे बियाणेही दिले. ही बियाण्याची कल्पना ज्याला सुचली, त्याला शेतकऱ्याचे घर माहीत असले पाहिजे. वादळानंतर दोन-अडीच महिन्यांत भेंडी-वांगी बाजारात नेता आली, तर ऊस येईपर्यंत घरात चूल पेटती राहते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथे भारताने पुढाकार घेऊन छोट्या द्वीपराष्ट्रांच्या पायाभूत सुविधा आपत्तीत टिकाव धरतील अशा करण्यासाठी एक योजना मांडली. त्या वेळी भारताबरोबर उभे राहिलेल्या द्वीपराष्ट्रांत फिजी, मॉरिशस आणि जमैका होते. तिन्ही देशांत गिरमिटियांची वस्ती आहे. हा योगायोग असेलही. पण उपयुक्त योगायोग आहे.

शासनाचा मार्ग यजमान शासनाच्या दारातून जातो, समाजाचा मार्ग सरळ घरात जाऊ शकतो. फिजीत सनातन धर्म प्रतिनिधी सभा, आर्य प्रतिनिधी सभा, १९२६ पासूनचा दक्षिण भारतीयांचा संगम, नांदीचे रामकृष्ण मिशन या संस्था शाळा चालवितात. त्यांच्या वर्गांत आयतौकेई मुलेही मोठ्या संख्येने शिकतात. वादळाची सूचना मिळाली की फिजीत शाळा हेच आसऱ्याचे ठिकाण होते. म्हणजे एखाद्या शाळेचे छप्पर पक्के केले, तर शिक्षण, निवारा आणि दोन समाजांचा शेजार या तिन्हींचे एकदम भले होते. भारतातील संस्थांनी, आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला पुन्हा स्थलांतरित झालेल्या फिजीच्या सधन भारतवंशीयांनीही, याकडे पाहावे. देवळाच्या कळसासाठी देणगी सहज मिळते. शाळेच्या छपराला, पावसाच्या पाण्याच्या टाकीला, जनरेटरला ती मिळवावी लागते.

आणखी एक बदल नोंदविण्यासारखा आहे. १९८७ चा उठाव करणारे राबुका २०२२ च्या डिसेंबरात निवडून येऊन पुन्हा पंतप्रधान झाले. मे २०२३ मध्ये त्यांनी भारतवंशीयांची जाहीर क्षमा मागितली आणि त्याच महिन्यात फिजीने प्रथमच गिरमिट दिनाची राष्ट्रीय सुटी पाळली. ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू फिजीला गेल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये राबुका दिल्लीत आले आणि भारताच्या साहाय्याने सुव्यात १०० खाटांचे अतिविशेषोपचार रुग्णालय उभारण्याचे काम पुढे सरकले. ज्याच्या उठावानंतर दूतावास बंद झाला, त्याच नेत्याबरोबर रुग्णालयाचे करार झाले. १९९३ मधील ते रिकामे दूतावास ज्यांना आठवते, त्यांना या गोष्टीचे मोल समजेल.

पेनांग बंद पडल्यानंतर राकीराकीचा ऊस वाहनांत भरून बा येथील रारावाई कारखान्याकडे जाऊ लागला. वाहतुकीचा वेळ वाढला आहे, वाटेत ऊस वाळतो, आणि तोडणीसाठी माणसे मिळत नाहीत. नव्या कारखान्याची भाषा फिजीत अधूनमधून होते. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या टेबलावर जेव्हा फिजीच्या साहाय्याची पुढची फाइल येईल, तेव्हा तीत राकीराकीचे हे पान असावे. आणि ते नोव्हेंबरच्या आत असावे, कारण त्यानंतर तेथे पुन्हा वादळांचे दिवस सुरू होतात.